मानेतली तार

काचगृहात फवारणी करताना दारं उघडी ठेवावीत, हे माळीबुवा चार जणांना शिकवत. त्या सकाळी स्वतःच विसरले. थोरल्या बहिणीने त्यांना दवाखान्यात आणलं तेव्हा तोंडाला फेस होता, अंग घामाने निथळत होतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

तरुण डॉक्टरीणबाईने विष लगेच ओळखलं. कपडे काढून अंग धुतलं, उताऱ्याची इंजेक्शनं सुरू केली, श्वास यंत्रावर घेतला. छातीतली घरघर ओसरली, पण रक्तदाब सावरेना आणि हाताला एक शीर धड सापडेना. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालणं भाग होतं. आधी सुई, सुईतून बारीक तार, तारेवरून नळी, मग तार बाहेर. हे तिने वीसेक वेळा केलं होतं. नळी सरकवताना माळीबुवांना जोराचा ठसका लागला. तिने एका हाताने त्यांचं डोकं आवरलं, दुसऱ्याने नळी आत रेटली. थोड्या वेळाने रक्तदाब चढला, तिचा जीव भांड्यात पडला.

ट्रे आवरणाऱ्या सिस्टर थबकल्या.

"डॉक्टर, तार कुठाय?"

चादर झटकली, कचऱ्याचा डबा उपसला. तार नव्हती. मग एक्स-रे आला. मानेपासून हृदयातून थेट पोटापर्यंत एक पांढरी रेघ. ठसक्याच्या गडबडीत तारेचं बाहेरचं टोक धरून ठेवायचं राहिलं होतं आणि नळीबरोबर तीही आत गेली होती. मोठ्या सरांना फोनवर सांगताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"कशालाही हात लावू नकोस, मी येतोय," सर म्हणाले. "नातेवाइकांशी मी बोलेन."

"नको सर. माझ्या हातून झालंय, मीच सांगते."

माळीबुवांच्या बहिणीने तिच्याकडून सगळं ऐकलं.

"तुम्ही बोलला नसतात, तर आम्हाला कळलं असतं?"

"कदाचित नाही."

"मग उभ्या काय राहिलात? काढा ती!"

सरांनी जांघेतल्या शिरेतून फास घालून तार ओढून काढली. डॉक्टरीणबाई शेजारी उभी होती. तार पूर्ण बाहेर येईपर्यंत तिने श्वास घेतला नाही.

नवव्या दिवशी माळीबुवा बोलू लागले. तिने त्यांनाही सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी मानेवरच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"बाई, आत आणखी काही राहिलंय का, ते एकदा बघून घ्या."

बहीण खो-खो हसली. डॉक्टरीणबाईला हसू फुटेना. तिने त्यांची पट्टी नीट चिकटवली आणि पुढच्या खाटेकडे वळली.