लांब बाह्यांचा फ्रॉक

"हात वर कर ना वं, माप कसं घेऊ मी?"

करिष्मा ऐकेल तर शपथ. नात माझी, सात वर्षांची, पण हट्टाला म्हातारी. एका हातात मोबाईल, दुसरा अंगाला चिकटवलेला. मोबाईलवर तेच कार्टून, मायलेकी माझ्याकडे, धाड गावाला, आल्यापासून दिवसभर तेच. एका राजकुमाराच्या अंगभर काटे. संतापला की काटे उभे राहतात. राजकुमारी मात्र रक्त निघालं तरी त्याला घट्ट धरून ठेवते, मग काटे गळतात, फुलं येतात आणि लग्न लागतं. बरं, सुरुवातीला हीच बया मैत्रिणींना सांगत असते, कोणाला भिऊ नका, आपल्या मनाचं ऐका. आता लेकरानं पहिलं ऐकायचं की शेवटचं?

बाहेर ओसरीवर जावई रडत होता. हरिओम. मलकापूरहून मोटारसायकलवर मिठाई घेऊन आला होता.

"मामा, आता हात उचलला त हात झडो माहा," तो माझ्या नवऱ्याला, रंगरावांना, म्हणत होता.

रंगराव आत आले. हातात ओटीचा नारळ. "माणूस रडून राह्यला, मंजुळा. अजून काय पाह्यजे तुले?"

मला काय पाहिजे? माझी पोर जिवंत पाहिजे, बस. रुपाली आली तेव्हा ओठ फुटलेला होता. लग्नानंतर तिच्या ब्लाऊजच्या बाह्या कोपराखाली उतरल्या, फॅशन आहे म्हणे. फॅशन कसली डोंबलाची!

पण रुपालीची बॅग भरून झाली होती. "जाऊ दे मले, माय. पोरीले बाप पाह्यजे. मले काही बी करो, करिष्माले त्यानं कधी बोट नाही लावलं."

एवढ्या एका गोष्टीवर ती परत निघाली होती. ओटीचं ताट करायला ती आत वळली आणि मी पुन्हा टेप उचलली. निदान पोरीचा परीचा फ्रॉक तरी शिवून पाठवावा.

"आजी, बाह्या लांब ठेवजो."

"एवढ्या उन्हात? जाळीच्या फ्रॉकले कुठं बाह्या असतात?"

"राजकुमारीच्या असतात. काट्याचे निशाण झाकाले. मम्मी बी तशाच घालते."

मी तिची बाही वर सरकवली. दंडावर बोटांचे वळ होते, निळे, कडेनं पिवळे पडलेले.

"हे काय वं?"

"पप्पाले काटे आले होते," ती सहज म्हणाली. "मम्मी बाथरूममधी होती, दार लावून. मंग मी पकडलं पप्पाले. घट्ट."

"मंग?"

"फेकलं मले."

"मायले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं त काटे गळत नाहीत. राजकुमारी बी नाही सांगत कोणाले."

मागे ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. रुपाली दारात उभी होती. ती जवळ आली, लेकीचा दंड उजेडाकडे फिरवून बघितला, बाही नीट खाली केली. मग ओसरीवर गेली.

"तुमी जा," ती नवऱ्याला म्हणाली. "एकटे जा."

हरिओमचं रडणं तिथंच थांबलं. "कोणी शिकवलं तुले हे? तुह्या मायनं?" म्हणत तो उठला, चहाचा कप लाथेनं उडाला. रंगराव मध्ये येऊन उभे राहिले. नारळ अजून हातातच होता.

"निघा, जावईबापू," ते म्हणाले. लग्न झाल्यापासून या माणसाचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

मोटारसायकल गेली. करिष्मा दारापर्यंत धावली.

"पप्पा गेले?"

"हाव."

तिचं तोंड वाकडं झालं. "आजी, माहंच चुकलं. दोन्ही हातानं पकडाले पाह्यजे होतं. माह्या एका हातात बाहुली होती."

मी तिला छातीशी धरलं. तुझी काही चूक नाही गं बाई, म्हणत राहिले. ती नुसती मान हलवत होती, नाही, नाही.

फ्रॉक मी बिनबाह्यांचाच शिवला, गुलाबी जाळीचा, खाली मऊ अस्तर लावून. मशीनमागच्या खुंटीला लटकला आहे. करिष्मा घालत नाही.