बंद दारामागचा करगा

चैत्री पौर्णिमेची रात्र सरत आली होती, तरी तिगळरपेटेत एकही घर झोपलं नव्हतं. मुनितायम्मा न्हाऊन, ठेवणीतली जांभळी रेशमी साडी नेसून, मोगऱ्याची परडी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली होती. अशी ऐसपैस, की दारातून मांजर जाईल तर शपथ. जरा सरका म्हणायची गल्लीत कुणाची छाती नव्हती.

मागे स्वयंपाकघराच्या लोटलेल्या दाराआड नातसून हेमावती एकटी होती. नऊ दिवसांपूर्वी मुनितायम्मानेच तिच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, गळ्यातलं मंगळसूत्र सोडलं आणि ते सगळं देवळात पाठवून दिलं. आता ते तिच्या नवऱ्याच्या, लोकेशच्या अंगावर होतं. यंदा करगा या नातवाच्या डोक्यावर होता. मोगऱ्याने मढवलेला तो उंच डोलारा हात न लावता पेलायचा, आणि रात्रभर पेठांतून नाचवत न्यायचा. तेवढे दिवस तो कुणाचा नवरा नसतो, साक्षात द्रौपदी असतो. अख्ख्या बेंगळुरूने बघावं, फक्त बायकोने बघू नये.

मुनितायम्माने हे लागोपाठ तीन वर्षं सोसलं होतं. तिचा नवरा मुनिस्वामप्पा करगा घेऊन दारावरून जायचा, आणि ही आत चुलीकडे तोंड करून बसायची. पुढे तिने करगा चाळीसदा पाहिला, पण परक्यांच्या डोक्यावर. आणि लोकेशची चाल हुबेहूब आजोबांची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, वय ऐंशीच्या पलीकडे. पुढच्या चैत्राची खात्री कुणी द्यावी? आजीला बघायची बंदी नव्हती. आज ती त्याला बघणार होती, आणि त्याच्यात मुनिस्वामप्पाला.

एवढ्यात घराच्या आतून नगारे वाजले.

मुनितायम्मा परडीसकट उठली आणि तिने दार ढकललं. हेमावतीच्या पदराआड उजेड लुकलुकत होता.

“काय गं, नगारे तुझ्या पदरात वाजतायत?”

“डोळे मिटलेत माझे, अज्जी. शप्पत!”

“मग उजेड कुणासाठी? उंदरांना करगा दाखवतेस?”

“फोनात बघितलेलं मोजतात का हो?”

“द्रौपदीला विचारून सांगते. आण इकडे.” तिने फोन हिसकावला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला. नगारे तांदळात बुडाले.

“तुम्हाला काय!” हेमावतीचा आवाज फाटला. “नटूनथटून दारात बसाल, फुलं उधळाल. तो तोल जाऊन पडला तर? भोवती नागव्या तलवारी घेऊन पोरं उभी असतात, करगा पडला तर त्याच्यावरच चालवायला, ठाऊक आहे मला. मला कोण येऊन सांगेल?”

मुनितायम्माच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तिच्या जिभेवर ते नेहमीच तयार असायचं. पण आज तिला तिची सासू आठवली. तीही अशीच नटून उंबऱ्यावर बसायची, आणि आत अठरा वर्षांची पोर हाच प्रश्न चुलीला विचारायची.

बाहेर कुणीतरी ओरडलं, “अज्जी, या लवकर! कोपऱ्यावर आले!”

मुनितायम्माने स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी घातली आणि पाय पसरून जमिनीवर बसली.

“अज्जी, जा ना! येतोय तो!”

“गप्प बस. डोळे नाहीत तर कान वापर. मस्तानसाबच्या दर्ग्याला भेटून निघालेत. तिथे थांबल्याशिवाय आपली देवी परतत नाही. माझ्या वेळी त्या बाजूला आवाज मेल्यासारखा व्हायचा. कापसाच्या वखारी होत्या, कापूस नगारा गिळायचा. तेवढा वेळ माझा जीव टांगलेला. आता नुसतं सिमेंट. इकडून ओरडा, तिकडून परत.”

“आणि संपंगी तळ्याकडून?”

“तिकडून आवाज पाण्यावर तरंगत यायचा. काठाला आपली बाग होती, कोबी, डाळिंबं, कनकांबराची फुलं. सासरे पहाटे पाणी सोडायचे आणि ओल्या मातीचा वास अंगावर घेऊनच घरी यायचे. तळं आटवलं, मैदान केलं. आता तिथे लोक पाठीमागे कुत्रं नसताना धावतात. देवीच्या पूजेला एक हौद ठेवलाय, तोंड धुण्यापुरता.”

हेमावती ओल्या डोळ्यांनी हसली.

मग “गोविंदा! गोविंदा!” असा गजर दारावर येऊन आदळला. भिंतीवरची भांडी थरथरली. हेमावतीची नखं म्हातारीच्या मनगटात रुतली. गजराखालून, अगदी जमिनीलगत, पैंजण ऐकू आले. एक पाऊल, क्षणभर काहीच नाही, मग दुसरं.

“उजवा पाय उशिरा टाकतो,” हेमावती कुजबुजली. “जिन्यावरून असाच येतो. तोच आहे, अज्जी. नीट आहे.”

मुनिस्वामप्पाच्या उजव्या पायाचं मुनितायम्माने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बघायला मिळालं नाही म्हणून ऐकून ऐकून मिळवलेली ती तिची एकटीची चीज होती. साठ वर्षांनी ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिच्या कानावर पडली, आणि बंद दारापलीकडून मुनिस्वामप्पा चालत गेला.

पैंजण दूर गेले. मुनितायम्माने परडी उचलली आणि सगळा मोगरा त्या बंद दारावर उधळला.

“साडी वाया गेली की तुमची,” हेमावती नाक ओढत म्हणाली.

“तू बघितलीस ना? मग झालं. ऊठ, चूल पेटव. आणि त्या फोनाला तांदळातून काढ, नाहीतर उद्याच्या भातात नगारे वाजतील.”