भरल्या पोटाचं पाणी

लग्नात सोन्याची बांगडी घालीन, असं दुर्मुशनी कबूल केलं होतं. घातली नाही. किर्काच्या टाकणखाराच्या खाणीत नुकते कामाला लागले होते, तिथलाच एक खडा आणून माझ्या हातावर ठेवला. आक्रोडाएवढा, काचेसारखा आरपार.

"हवेवर ठेवू नकोस, नाझिफे. आतलं पाणी उडालं की खडूसारखा भुगा होईल."

"मग पाण्यात ठेवते."

"पाण्यात विरघळेल."

"असलं नखरेल सोनं तुमचं तुम्हीच सांभाळा," मी म्हटलं.

त्यांनी सांभाळलं. एकेचाळीस वर्षं. दर महिन्याला पाणी उकळायचं, टाकणखार विरघळेनासा होऊन तळाशी बसेपर्यंत घालत राहायचं, आणि निवलं की खड्याच्या बरणीत भर घालायची. पाण्याचं पोट भरलेलं असलं की ते खड्याला खात नाही, असं त्यांचं म्हणणं. मला कधी हात लावू दिला नाही.

दोन वर्षांपूर्वी एस्किशेहिरच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांची आठवण जात राहणार, गेलेली परत येणार नाही. आधी मुलाचं नाव गेलं, मग मशिदीचा रस्ता. बरणीचं पाणी मात्र एकाही महिन्याला चुकलं नाही, आणि मी वेडी त्यावरच आस लावून बसले. हे जमतंय तोवर माणूस माझा आहे.

परवा सकाळी पाहिलं तर जुनं पाणी ओतून बरणीत नळाचं भरलेलं. खडा हरभऱ्याएवढा उरला होता. मी ओट्याला टेकून रडले.

ते चहाचा पेला घेऊन आले, बरणीत डोकावले, बोट बुडवून जिभेला लावलं.

"साधं पाणी. कुणा गाढवाने ओतलं हे? उपाशी पाणी आहे, संध्याकाळपर्यंत सगळा संपवेल."

माझ्या जिवात जीव आला. ठाऊक होतं त्यांना, सगळं ठाऊक होतं. मी डोळे पुसून पातेलं पुढे केलं. "चला, नवं करू या."

त्यांनी पातेलं घेतलं नाही. जरा ओशाळून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, एवढं करा, घरात कुणाला सांगू नका. हा माझ्या नाझिफेचा खडा आहे. तिला कळलं तर फार रडेल ती."

"नाही सांगत," मी म्हटलं.