हावरटपणा म्हणू नका मला

मी भूक बोलतेय. नीट सांगायचं तर भूक लावणारं, मेंदूतलं एक रसायन. पुस्तकात माझं नाव न्यूरोपेप्टाइड वाय. मी जिच्या डोक्यात राहते, त्या कुंडुझच्या सासरी मला हावरटपणा म्हणतात.

माझं काम सोपं. अन्न हवं असलं की हाक मारायची. जेवण झालं की इन्सुलिन वर येतं, 'पुरे' म्हणतं, की मी गप्प. अंगातल्या चरबीकडून लेप्टिनही तोच निरोप आणतं. एकोणीस वर्षं आमचं छान चाललं होतं.

कुंडुझ लग्न होऊन नारीनच्या डोंगरातल्या या घरी आली आणि त्याच पानगळीत तिच्या स्वादुपिंडाने इन्सुलिन बनवणं सोडलं. रक्तात साखरेचा पूर, पण पेशी उपाशी. चरबी झडली, तसं लेप्टिनही आटलं. मला कोणी 'पुरे' म्हणेना. मग मी ओरडतच राहिले. दुसरं येतं काय मला?

कुंडुझ चहा ओतता ओतता कणकेचे तळलेले गोळे, बोरसोक, तोंडात टाकायची.

"माहेरी पाव कुलपात ठेवायचे का गं?" एका पाहुणीने विचारलं. बाकीच्या फिदीफिदी हसल्या.

सासू, बुरूलआपा, मात्र खूश. "हसा, हसा! सारखी खाते, सारखी बाहेर पळते, बसल्या जागी दमते. दोन जिवांची आहे माझी सून!"

"आपा, तसं काही नाहीये," कुंडुझ हळूच म्हणाली. "परवाच पाळी आली."

"तुला काय कळतंय? सहा बाळंतपणं झालीत माझी. जॅम खा."

दोन जिवांची म्हणे! इथे एकाच जिवाचे हाल चालले होते. साय, मध, जॅम, वरून गोड चहा. स्कर्टचा पट्टा तीन भोकं आत गेला. पोट वाढायचं सोडून खपाटीला जातंय, एवढंही दिसू नये? वयाने शहाणपण येतं म्हणतात. या घरात नुसती खात्री आली होती.

एका सकाळी चूल पेटवताना कुंडुझ कोसळली. गावच्या नर्सने तिच्या बोटाला सुई टोचली. यंत्रात आकडाच उमटेना, इतकी साखर.

"बाळ नाही, आपा, मधुमेह आहे. अजून दोन दिवस जॅम भरवला असतात, तर सून हातची गेली असती."

आता तिला रोज इन्सुलिन टोचावं लागतं. दवाखान्यातून परतल्यावर एका दुपारी अर्धा वाडगा खाऊन तिने हात आवरला. कित्येक महिन्यांनी मी गप्प होते.

"झालं माझं, आपा."

"झालं कसं? अन्नाला नाही म्हणतात होय? घे अजून, माझी शपथ आहे!"

बुरूलआपा, ही हाक माझी नव्हे. मी बापडी अडाणी रसायन, तरी 'पुरे' कानावर आलं की थांबते. तुम्हाला तर ती तोंडावर सांगतेय.