लाकडातलं पहिलं भोक

मित्रांनो, पोटभर दूध प्यायलेलं मांजर मांडीवर बसून गुरगुरतं ना, अगदी तसा माझा आवाज! मी एक जुनं हातड्रिल आहे. मला वीज नको, बॅटरी नको. डोक्यावर लाकडी मूठ, कुशीला दातेरी लाल चाक, चाकाला फिरवायची दांडी आणि पुढे जबडा. जबड्यात बिट, म्हणजे टोकदार पोलादी सळई, आवळायची, दांडी फिरवायची, की लाकडात भोक तयार.

कारखान्यात भट्टी सोसली, घण सोसले, कानशीने अंग घासून घेतलं, तेव्हा कुठे मला रूप आलं. मग एका सुताराने मला घरी नेलं. तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या आणि माझं चाक लालभडक! आम्ही दोघांनी किती पाळणे जोडले, किती खिडक्या बसवल्या! ताज्या भुशाचा तो वास अजून माझ्या दातांत अडकून बसलाय. "बाकीची हत्यारं माझे नोकर, हा माझा दोस्त," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. लोखंडाच्या अंगावर मूठभर मांस कसं चढतं, ते मला विचारा!

पुढे विजेचं ड्रिल आलं. आलं ते तोऱ्यातच. घरभर गोंगाट करत दिवसाचं काम तासात उरकू लागलं. मी गेलो खणाच्या तळाशी, गंजक्या बिजागऱ्यांच्या शेजारी. कोणी शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं हो, पण कोणी काही म्हणेचना.

वर्षं गेली. सुताराच्या मिशा पिकल्या, तो आजोबा झाला. त्याची नात ठकू, तीन वर्षांची, बोलायला पोपट आणि हाताने वानर. तिला प्लॅस्टिकची हत्यारं आणली होती. तिने त्यातल्या करवतीने लाकूड कापायचा सपाटा लावला. लाकूड तसंच राहिलं, करवत मात्र वाकली. "खोटंय हे!" म्हणून तिने ती भिरकावली आणि सरळ आजोबांच्या कामाच्या खोलीत शिरून त्यांच्या धारदार पटाशीला हात घातला.

तिची आई धावली आणि पटाशी हिसकावून घेतली. "बाबा, आजपासून या खोलीला कुलूप! ही पुन्हा इथे पाय ठेवणार नाही."

"कुलूप लावून कधी हात शहाणे होतात का गं? ती खरं मागतेय. तिला झेपेल असं खरं देऊ."

"आणि लागलं म्हणजे?"

"एक संधी दे. साधा ओरखडा आला, तरी मी स्वतः कुलूप लावतो."

आणि त्यांनी खण उपसून मला बाहेर काढलं! गंज पुसला, तेल पाजलं. पण माझा जीव टांगणीलाच. ठकूला ही खोली बंद झाली, तर माझा खणही कायमचा बंद.

आजोबांनी मऊ लाकडाचा तुकडा शिकंज्यात घट्ट आवळला. ठकूला रुंद पाटावर उभं केलं, तिचे केस बांधले, डोळ्यांवर चष्मा चढवला.

"आजोबा, मी सुतार झाले?"

"चष्मा काढलास की संपली सुतारकी. कळलं?"

ठकूने मूठ दाबली, दांडी फिरवली. गुर्र... आणि मी अडकलो. लगेच आजोबांना उमाळा आला. "दमलं गं माझं सोनं! तू मूठ धर, दांडी मी फिरवतो."

ठकूचा एक हात रिकामा झाला. समोर लाकडाची सोनेरी वेटोळी निघत होती. ती उचलायला इवलंसं बोट पुढे आलं, अगदी फिरत्या बिटाजवळ. मला ओरडता येईना, थांबता येईना.

"बाबा, थांबा!" दारात उभी असलेली आई ओरडली.

चाक थांबलं. बोट बिटापासून केसभर अंतरावर होतं. आईचा चेहरा पांढराफटक. झालं, मला वाटलं, आलं कुलूप!

आईने एक मोठा श्वास घेतला. "बाबा, तुमचा हात काढा. तुम्ही मदत केलीत म्हणून तिचा हात मोकळा झाला. मी एवढीशी होते तेव्हा माझी दांडी तुम्ही कधी धरली होती? एक हात मुठीवर, एक दांडीवर. बोट घालायला हातच उरत नव्हता!"

खरंच की! तिचे तेव्हाचे घामेजलेले, गरम तळवे मला आठवले.

आजोबा ओशाळले. "तेव्हा मी नुसता बाप होतो गं. आजोबा झालो आणि बिघडलो!"

"दोन्ही हात कामावर, ठकू," आई म्हणाली. "एक जरी सोडलास, तर काम बंद."

ठकूने पुन्हा सुरुवात केली. अडकली, फुरफुरली, जीभ बाहेर काढून पुन्हा फिरवू लागली. कोणी मध्ये पडलं नाही. आणि मी आरपार गेलो! आईने मला बाजूला घेतलं, तेव्हा ठकूने भोकाला डोळा लावला.

"आई, तू दिसतेस!"

आईने पलीकडून डोळा लावला. कुलपाचं नाव पुन्हा निघालं नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या हत्यारांना तेलाचा थेंब आणि कोरडी जागा द्या. आणि घरातल्या चिमुकल्यांना खरं काम द्या. लाकूड पक्कं आवळा, चष्मा घाला, शेजारून हलू नका. पण त्यांचं काम त्यांनाच करू द्या. अवघड आहे, मला माहीत आहे. ठकू दांडी फिरवते तेव्हा आमचे आजोबा स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे असतात!