सरांचा ओला बाक

सर वारल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी सार्वजनिक बागेत एक सूर्यघड्याळ उभारलं आणि त्याच्यासमोर दगडी बाक बसवला. सरांनी जन्मभर भूगोल शिकवला होता. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, रोज दहाला तिथे जायच्या, घड्याळाचा पितळी काटा तेलाच्या बोळ्याने पुसायच्या आणि बाकावर टेकायच्या.

पण महिनाभर बाक रोज ओला. बाकीचे सगळे कोरडे ठणठणीत, हाच तेवढा ओला. काकूंना माळ्याचा संशय आला.

"मी कशाला पाणी ओतू, काकू? माझी झाडंच तहानलेली आहेत," माळी म्हणाला, पण नजर चुकवून. काकूंनी तडक बागेच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली.

तेवढ्यानेही मनाला स्वस्थता नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या नऊलाच जाऊन कुंपणाआड उभ्या राहिल्या. अर्ध्या तासाने नळाकडून बादली घेऊन आली ती त्यांची धाकटी नणंद! घड्याळाखालच्या पाटीवर पत्नीचं नाव आलं आणि बहिणीचं राहिलं, तेव्हापासून तिने अबोला धरला होता.

ती ब्रशने बाक खसाखसा घासू लागली. काकू तरातरा पुढे झाल्या.

"म्हणजे तुम्ही! मी बसू नये म्हणून ना?"

नणंद दचकली, पण गप्प बसणारी नव्हती. "दादाला धूळ खपायची नाही, म्हणून घासते. तुम्ही इथे येता हे मला काय ठाऊक? आणि त्या काट्याला तेल कोण फासतं, ते आधी कळू दे. सगळी माती चिकटते त्याला."

"तेल मी लावते."

"तुम्ही? मी त्या माळ्याला फैलावर घेतलं परवा!"

"आणि मी त्याची तक्रार केलीय."

बिचाऱ्याने दोघींची बोलणी खाल्ली होती, पण एकीचं नाव दुसरीला सांगितलं नव्हतं. दोघी तशाच कार्यालयात गेल्या.

"तक्रार मागे घेण्याचं कारण?" कारकुनाने विचारलं.

"लिहा, घरगुती," नणंद म्हणाली.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "पाटीचा मजकूर पोरांनी ठरवला, ताई. मला कुणी विचारलंही नाही."

नणंदेने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "असेल. पण मी पोरांना एकदा विचारणार आहे."

"विचारा की," काकू म्हणाल्या.