गुरुसिद्धप्पांचं मौनव्रत

वाशीच्या बाजारातले भुसार व्यापारी गुरुसिद्धप्पा उन्हाळ्यापासून असे वाळत गेले, की सदऱ्यात ते पोटभाडेकरू म्हणून राहतायत असं वाटावं. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. टीबी निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज गोळ्या, पोटभर जेवण, तोंडाला मास्क. अन् सध्या लहान लेकरांपासून लांब राहा."

गोळ्या घरात गिळता येतात. मास्क मात्र चारचौघांत लावायचा, त्याची लाज वाटली. श्रावण लागलाच होता. गुरुसिद्धप्पांनी तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि गल्ल्याजवळ पाटी ठेवली: 'मौन व उपवास'.

"अवो, खरं सांगून टाका की," गिरिजाबाई म्हणाल्या. नवऱ्यानं पाटीकडं बोट दाखवलं.

गिऱ्हाइकं पाया पडू लागली. "आप्पांच्या कपाळावरचं तेज बघा!" तो ताप होता. तपस्वी आतल्या खोलीत कडी लावून शेंगदाण्याचे लाडू खात होते.

एक दिवस शेजारची शिवप्रिया सहा महिन्यांचं लेकरू आणि खिरीची वाटी घेऊन आली. मागं तिचा सासरा बंडप्पा.

"आप्पा, ह्याचं उष्टावण तुमच्याच हातानं करायचं."

गुरुसिद्धप्पांनी जोरात हात हलवला. तिला तो आशीर्वाद वाटला. बंडप्पा म्हणाला, "उष्टावण मामानं करायचं, पण ह्याचा मामा रुसलाय, रुसू द्या. आमच्या घरात समदे खादाड. तुमच्या हातगुणानं एक तरी उपाशी राहणारा निघू द्या!"

लेकरू मांडीवर आलं. आल्या आल्या त्यानं उपरणं ओढलं आणि बोळकं उघडून हसलं. नेमकी तेव्हाच गुरुसिद्धप्पांच्या छातीतून ढास वर आली. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं, लेकरू मागं सरकवलं.

"घे, घे त्याला! मला टीबी झालाय!"

शिवप्रियानं लेकरू झडपलं. गुरुसिद्धप्पा भिंतीकडं तोंड करून खोकत राहिले. खोकला थांबला तरी वळेनात.

"टीबी झाला तर झाला," बंडप्पा म्हणाला. "माझ्या भावालाबी झालता, गोळ्यांनी बरा झाला. पण आप्पा, सोमवारी आमची म्हातारी तुमचे पाय धुऊन पाणी प्याली. तवा तरी बोलायचं हुतं."

गुरुसिद्धप्पांनी पाय धोतराखाली ओढून घेतले.